माझी चिठ्ठी डब्यात टाका

पुण्यात आमच्या सोसायटीत नवा सेक्रेटरी निवडायची सभा लागली, की माणसं आजारी पडायची. कुणाची पाठ धरायची, कुणाकडे नेमके त्याच दिवशी पाहुणे यायचे, आणि जे येत ते दाराजवळची खुर्ची पकडून बसत. अशा शहरातून आलेल्या बाईनं परदेशातल्या एका इमारतीचं पद मिळावं म्हणून जीव टाकावा, हे माझ्या नवऱ्याला आजही पटलेलं नाही. "जग ज्यापासून पळतं तेच तुला कसं हवं असतं?" असं तो विचारतो. त्याच्याशी लग्न ठरवलं तेव्हा माझी बहीण साधारण हेच म्हणाली होती.

मी मूळची इतिहासाची मास्तरीण. पुण्याच्या एका कॉलेजात वर्षानुवर्षं प्राचीन ग्रीस शिकवला. नवरा बँकेत होता, बँकेनं त्याला तोक्योला पाठवलं आणि मागोमाग आम्ही मायलेकी आलो. आलो होतो दोनतीन वर्षांसाठी. मग इथल्याच एका कंपनीनं त्याला ठेवून घेतलं, मुलीची शाळा सुरू झाली आणि तोक्योच्याच निशी-कसाई भागातल्या एका जुन्या, पाचमजली, बिनलिफ्टच्या इमारतीत आमचं बस्तान बसलं. आता मुलगी शिकायला नेदरलँड्सला गेली आहे आणि नवऱ्याला कंपनीनं कोबेला धाडलं आहे. तिथं त्याला कंपनीची एक खोली आहे. महिन्यातून एकदोनदा येतो, इस्त्रीचे शर्ट घेऊन परत जातो. "तूही चल" म्हणतो, पण तिथंही तो उशिराच घरी येणार. एकटंच बसायचं तर निदान आपल्या स्वयंपाकघरात बसावं, असं मला वाटतं. शिवाय शेजारच्या कोतो भागातल्या इंडियन शाळेत मी आठवड्यातले काही दिवस इतिहास शिकवते, ते सोडवत नाही.

एकटं वाटतं. या वाटण्याला मी पुष्कळ दिवस दुसरी नावं देऊन पाहिली. कधी हवेला दोष दिला, कधी वयाला, कधी गुडघ्यांना. शाळा नसेल त्या दिवशी माझ्याशी बोलणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे कोपऱ्यावरच्या कोंबिनीतला, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातला, मुलगा. "पिशवी हवी का?" तो विचारतो, मी नको म्हणते, झालं आमचं बोलणं. घरी राइस कुकर भात झाल्यावर एक धून वाजवतो. एकदा मी आतल्या खोलीतून "आले गं बाई" म्हणून ओरडले आणि मग पलंगावर बसून राहिले. हसू आलं होतं की रडू, ते मला नक्की सांगता येणार नाही.

निशी-कसाईत आपली माणसं नाहीत का? ढिगानं आहेत. कढीपत्ता मिळतो, गणपतीत मोदक मिळतात, स्टेशनाबाहेर उभं राहिलं तर पाच मिनिटांत मराठी कानावर पडतं. पण ही सगळी कंत्राटावर आलेली पोरं. नवी आलेली एखादी सून मला विचारायला येते की मावशी, दुधाचा खोका कुठल्या कचऱ्यात टाकायचा. मी तिला जळणारा, न जळणारा, प्लास्टिकचा असे सगळे वार पाठ करून देते, आमची गट्टी जमते, आणि एखाद्या मार्चमध्ये ती परत जाते. जाताना तिची कढीपत्त्याची कुंडी मला देते. माझ्या गॅलरीत आता कुंड्याच कुंड्या आहेत. अलीकडे नव्या मुलींची नावं लक्षात ठेवायला मी मुद्दाम जरा वेळ लावते.

आणि इमारतीतले लोक? त्यांच्याबद्दल तक्रार करायला जागाच नाही, हेच तर दुखणं आहे. जिन्यात भेटले की वाकतात, पाऊस आहे हं, थंडी पडली हं, असं म्हणतात आणि आपापल्या दारामागे जातात. त्यांच्या लेखी मी "इन्दो नो ओकुसान", म्हणजे इंडियावाल्या बाई. माझ्या बरोबर खाली, तिसऱ्या मजल्यावर, एक आजी राहतात. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. केस नीट विंचरलेले, अंगावर धुतलेला एप्रन, हातात बारकी केरसुणी. ही इमारत नवी होती तेव्हापासून त्या इथं आहेत असं ऐकलं होतं. त्या जिन्यात दिसल्या की माझ्या मनात यायचं, ही खरी इथली नागरिक. हिला कुणाला काही सिद्ध करून दाखवायला नको. मला त्यांचा हेवा वाटायचा, अगदी स्पष्ट सांगायचं तर.

आमच्या इमारतीतल्या प्रत्येक जिन्याला वर्षभरासाठी एक प्रमुख असतो, त्याला हानचो म्हणतात. सूचनांची फाइल घरोघर फिरते, पण ती आम्ही शेजाऱ्याच्या दाराच्या मुठीला अडकवून निघून जातो. बेल वाजवून कुणाला तसदी द्यायची नाही, अशी रीत आहे. बेल वाजवायची मुभा फक्त हानचोला. कचऱ्याच्या जागेची पाळी सांगायला, पाण्याची टाकी धुणार असतील तर कळवायला, एकट्या म्हाताऱ्या माणसांची चौकशी करायला तो दारात जातो, आणि दार उघडावंच लागतं. हे पद कुणालाही नको असतं. म्हणून दर मार्चमध्ये इमारतीची सभा भरते आणि प्रत्येक जिन्यातल्या घरांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचलतात.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी जिन्यात एकटीच हसले होते. अहो, हे तर अथेन्स! अडीच हजार वर्षांपूर्वी त्या नगरराज्यात बहुतेक पदं अशीच भरत. निवडणूक म्हणजे पैसेवाल्यांचा आणि गोड बोलणाऱ्यांचा खेळ, असं त्यांचं मत होतं. म्हणून रस्त्यावरचा उकिरडा हलवून घेणारा अधिकारी असो, बाजारातली मापं तपासणारा असो की सभेसमोर काय मांडायचं ते ठरवणाऱ्या मंडळातला सभासद असो, नावं निघत ती चिठ्ठीनं. जुन्या काळी त्यासाठी घेवड्याचे काळेपांढरे दाणे वापरत. कॉलेजात मी हे सांगितलं की पोरी फिदीफिदी हसायच्या. मग मी त्यांना दुसरी गोष्ट सांगायचे. पुढे नागरिकांना आपलं नाव कोरलेली काशाची पट्टी मिळू लागली, ती चिठ्ठीच्या यंत्राच्या खाचेत बसवायची. अशा काही पट्ट्या थडग्यांत सापडल्या आहेत. मेल्यावरही माणसाला ती आपल्याजवळ असावीशी वाटली. एवढं सांगितलं की वर्गातलं हसू थांबायचं.

पण त्या चिठ्ठ्यांमध्ये कुणाकुणाचं नाव नसे, तेही मीच शिकवायचे. बायकांचं नाही, गुलामांचं नाही, आणि परगावाहून येऊन अथेन्समध्ये राहिलेल्या माणसांचं नाही. या परक्यांना मेटिक म्हणत. शब्दाचा अर्थच घर बदललेला माणूस. तो कर भरणार, लढाईला जाणार, भांडी घडवणार, आणि त्याला तिथं राहायचं तर हमी घेणारा एक नागरिक शोधावा लागणार. आम्ही इथं पहिलं घर घेतलं तेव्हा नवऱ्याच्या साहेबांनी आमची हमी घेतली होती. कागदावर त्यांचा शिक्का उमटला आणि मला वाटलं, घ्या, पुस्तकातून उठून आपण थेट धड्यात येऊन पडलो.

या वर्षी जानेवारीत कोतोच्या शाळेत हा धडा पुन्हा आला. मी मुलांना राजमा आणि पांढरा वाल वाटला. ज्याच्या हाती वाल येईल तो आठवडाभर वर्गाचा अधिकारी. मुलं चेकाळली. इतक्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅम, व्हॉट अबाउट यू? यू डिडन्ट टेक वन." मी म्हणाले, मी शिक्षिका, मला कसा दाणा? तिनं मान डोलावली. पण परतीच्या गाडीत ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या जिन्यात दर एप्रिलला नव्या हानचोच्या घराचा कागद लागतो. सभेला आम्ही कधी गेलो नव्हतो, आणि इतक्या वर्षांत आमचं घर एकदाही आलं नव्हतं. मी समजत होते की नशीब. त्या दिवशी गाडीत पहिल्यांदा शंका आली की आपली चिठ्ठीच नसेल.

यंदाचे हानचो पहिल्या मजल्यावरचे एक तरुण वडील होते. ते जिन्यात भेटले तेव्हा मी विचारलंच. ते बिचारे लाल झाले. म्हणाले, "तुमच्या घराला त्रास द्यायचा नाही, असं आधीपासून ठरलंय."

मी घरी येऊन धुमसत बसले. बघा, म्हटलं, मेटिक ते मेटिकच. कर घ्या, कचरा वेळेवर टाकून घ्या, आणि नाव मात्र बाहेर ठेवा. मुलीला फोन लावून मी तिला अथेन्सपासून निशी-कसाईपर्यंत सगळं ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "आई, पण त्यांनी तुला कधी विचारलंच नव्हतं का?"

"विचारलं होतं ना. आलो त्या पहिल्याच वर्षी. तेव्हाच्या हानचो बाई दारात येऊन म्हणाल्या, चिठ्ठ्यांमध्ये तुमचं नाव घालू ना? मी हो म्हटलं."

"हो म्हणजे? जपानीत 'हाय' म्हणालीस?"

"नाही, चांगलं सभ्यपणे म्हटलं. केक्को देस."

मुलगी "माजि?", म्हणजे खरंच का, एवढंच म्हणाली आणि खो खो हसत सुटली. "आई! केक्को देस म्हणजे नको! कुणी काही देऊ केलं आणि आपण केक्को देस म्हटलं, तर त्याचा अर्थ नको, राहू द्या!"

पुस्तकात केक्को म्हणजे उत्तम, छान, असं दिलं होतं. मी घोकून ठेवलं होतं. आणि खरं सांगू, आपलंही तसंच आहे. नाव राहू द्या म्हणजे ठेवा, आणि चहा राहू द्या म्हणजे नको. मला हे कळायला हवं होतं. त्यात भर म्हणून, आपला होकार नीट पोचावा यासाठी मी दारात उभी राहून आपल्या पद्धतीनं मानही डोलावली होती, या खांद्याकडून त्या खांद्याकडे. समोरच्या बाईंनी काय बघितलं असेल? तोंडानं नको, मानेनंही नको. त्या "समजलं, माफ करा" म्हणत वाकून गेल्या होत्या. एकदा नको म्हटलेल्या माणसाला पुन्हा विचारणं इथं उद्धटपणाचं. म्हणून ते इतकी वर्षं माझा मान राखत होते आणि मी दाराच्या आत बसून वाट बघत होते.

रात्री फोनवर नवरा म्हणाला, "मग आता सांग ना त्यांना. नाहीतर सोड. कशाला नसती उठाठेव?"

"मला वर्षभर लोकांच्या बेला वाजवायच्या आहेत," मी म्हणाले. "मी वाजवली की कुणीतरी दार उघडायला हवं."

यावर त्यानं "जेवलीस का?" असं विचारलं.

सभा मार्चमधल्या एका रविवारी सकाळी, तळमजल्यावरच्या सभागृहात होती. अथेन्समध्ये सभेला टाळाटाळ करणाऱ्यांना लाल रंगात भिजवलेला दोर धरून बाजारातून सभेकडे ढकलत, म्हणजे कपड्याला लाल डाग लागलेला माणूस कामचुकार म्हणून ओळखू यावा. इथं दोराची गरज नव्हती. सगळे वेळेच्या आधी येऊन घडीच्या खुर्च्यांवर बसले होते आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दाढ काढायला आल्यासारखा भाव होता. मी मागच्या रांगेत बसले. पुढे तिसऱ्या मजल्यावरच्या आजी पाठ ताठ करून बसल्या होत्या. अध्यक्ष निवृत्त गृहस्थ, त्यांच्या पुढ्यात बिस्किटांचा रिकामा डबा.

आमच्या जिन्याची वेळ आली तशी मी उभी राहिले. वाक्य पाठ केलं होतं. "आमच्या घराचं नावसुद्धा घाला. मागे माझ्या बोलण्यात चूक झाली होती. मला यायचं आहे." मला वाटलं, आता हे म्हणतील, विचार करून कळवतो, आणि तिथंच सगळं संपेल. पण अध्यक्षांनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "तुम्हीच लिहा," ते म्हणाले. "आमच्याकडून अक्षर चुकेल." त्यांच्या लिपीत मी नाव लिहिलं. आडनाव नाही, घर क्रमांक नाही, माझं नाव. घडी घालून मी ती चिठ्ठी स्वतः डब्यात टाकली.

अध्यक्षांनी डबा हलवला, एक चिठ्ठी उचलली आणि तिच्यावरचा घर क्रमांक वाचला. ती माझी नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची होती.

खोलीत हळहळ उमटली. अध्यक्ष गडबडले. "तुमच्या वयाला सूट आहे," ते म्हणाले. "आपण दुसरी चिठ्ठी काढू. जिने चढणं तुम्हाला कठीण." आणि मी, लाजच वाटते सांगायला, मनात म्हणत होते, काढा, काढा, दुसरी काढा. शिवाय हातही वर केला. "त्यांच्याऐवजी मी करते," मी म्हणाले. लोकांनी वळून माझ्याकडे बघितलं, काहींनी कौतुकानं मान हलवली. बहुतेकांना तो माझा चांगुलपणा वाटला असणार.

आजी उभ्या राहिल्या. खुर्चीची पाठ धरून, हळूहळू. "नाही," त्या म्हणाल्या. "मला सूट नको. नाव माझं आलंय, मीच करणार." आवाज बारीक होता पण त्यावर पुढे बोलायची सोय नव्हती. अध्यक्ष वाकले, टाळ्या झाल्या. उरलेल्या चिठ्ठ्या त्यांनी न उघडता एका पिशवीत भरल्या, जळणाऱ्या कचऱ्याच्या. माझीही त्यात गेली.

माझ्याशेजारची बाई हसून म्हणाली, "वाचलात हं, छान झालं." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? इतक्या वर्षांनी डब्यात गेले आणि न उघडताच बाहेर आले.

बूट घालायला बाहेर आले तर आजी तिथंच थांबल्या होत्या, भिंतीला हात लावून. जिन्यात भेटल्या की थंडीबद्दल बोलायच्या तशाच हळू आवाजात बोलू लागल्या. मला समजावं म्हणून शब्द सुटे सुटे करून.

"माफ करा. तुम्हाला हवं होतं ना ते?"

मी खाली वाकून बूट शोधू लागले.

"चेहऱ्यावरून कळलं," त्या म्हणाल्या. "मलाही हवं होतं. माझे यजमान होते तेव्हा एकदा आमची चिठ्ठी आली होती, सगळं त्यांनीच केलं. ते गेल्यापासून मी दरवर्षी पुढे बसते आणि यंदा तरी येऊ दे म्हणते. माझी बेल कुणी वाजवत नाही. सामान आणणारा मुलगासुद्धा दाराबाहेर खोका ठेवून जातो. हानचो तेवढे चौकशीला येतात, पण मला त्रास नको म्हणून दारातूनच घाईनं जातात. आता मी वाजवणार. दम लागेल, पण प्रत्येक मजल्यावर जाणार."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ही बाई मी रोज बघत होते. तिच्याजवळ सगळं आहे, तिचा देश, तिची भाषा, दर मार्चला डब्यात पडणारी चिठ्ठी, असं मी धरून चालले होते. माझ्या पायाखालच्या मजल्यावर तीही तशीच बसलेली असायची, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मला फार वाईट वाटलं. आणि त्याच क्षणी, का कोण जाणे, बरंही वाटलं.

"चौथ्या मजल्यावर मी पहिल्यांदा तुमच्याकडे येईन," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, ओशाळून, "पण तुम्हाला हाक काय मारू? तुम्ही नाव लिहिलंत ते दिसलं, पण कुणी वाचलंच नाही."

मी सांगितलं. त्यांनी ते म्हणून बघितलं. मधलं एक अक्षर त्यांच्या जिभेला जमेना. मी पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा ते जवळजवळ बरोबर आलं. या इमारतीत घरच्यांखेरीज कुणाच्या तोंडून मी माझं नाव त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. मला रडू आवरेना. त्यांनी एप्रनच्या खिशातून रुमाल काढून दिला आणि माझे डोळे पुसून होईपर्यंत दुसरीकडे बघत राहिल्या.

त्यांच्या दारावर पाटी होती, वर्षानुवर्षं मी तिच्यावरून येत जात होते. अक्षरं अवघड होती, मला कधी वाचता आली नव्हती, आणि मी कधी कुणाला विचारलंही नव्हतं.

"आणि तुमचं?" मी विचारलं.